वैरणीचं बी घरचं धरायचं तर दोन रोपांत अंतर किती ठेवावं?

प्रश्न: पेडणे तालुक्यात राहतो. तीन गायी आहेत. भाताची कापणी झाल्यावर हजार चौरस मीटरात वैरणीची चवळी ३० × १० सेंटिमीटरवर (दोन ओळींत ३०, दोन रोपांत १०) पेरली, तिळारीच्या कालव्याचं पाणी दिलं. पाला भरपूर आला. पुढच्या वर्षासाठी बी धरावं म्हणून अर्धा तुकडा न कापता ठेवला, पण शेंगा थोड्याच लागल्या आणि खालच्या कुजल्या. मेरेलगतच्या, म्हणजे बांधाजवळच्या, झाडांना मात्र शेंगा लगडल्या होत्या. शेजारी म्हणतात, अंतर दुप्पट करा. नक्की किती ठेवू? आफ्रिकन टॉल मका आणि गिनी गवत यांचंही बी घरी होईल का?

उत्तर:

मेरेलगतच्या झाडांकडे तुमचं लक्ष गेलं ते फार चांगलं झालं. माती तीच, पाणी तेच, बियाणं तेच. फरक इतकाच की त्या झाडांची एक बाजू मोकळी होती. पण म्हणून सगळं शेत मेरेसारखं मोकळं करावं असं नाही. शेजारी म्हणतात ते दिशेनं बरोबर आहे. मापाचं नीट बघावं लागेल.

आधी ३० × १० वर आत काय घडलं ते पाहू. या अंतरावर एका चौरस मीटरात ३३ रोपं बसतात. महिनाभरात पानांना पानं भिडतात. पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि त्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा प्रकाश परतवून लावतं. शेजारच्या झाडावर असा परतलेला प्रकाश पडला, की गर्दी झाल्याचं त्याला आधीच कळतं. सावली प्रत्यक्ष पडण्याआधीच ते उंच वाढायला लागतं आणि बगलेतल्या फांद्या दाबून ठेवतं. चवळीचा फुलांचा दांडा पानाच्या बगलेतूनच निघतो. फांद्या कमी म्हणजे बगला कमी, आणि बगला कमी म्हणजे दांडे कमी. खालच्या मजल्यावरचे जे दांडे निघतात त्यांना अन्न पुरवायचं ते पान सावलीत पिवळं पडलेलं असतं, म्हणून फूल गळतं किंवा शेंग दोन-चार दाण्यांवर थांबते.

वैरणीसाठी याचं काहीच बिघडत नाही. गायीला पान, देठ, कोवळी शेंग सगळंच चालतं. रोपांची संख्या वाढवत नेली तर हिरव्या चाऱ्याचं वजन वाढत जातं आणि एका मर्यादेला पोचून तिथेच राहतं. सहसा उतरत नाही. बियाण्याचं उत्पादन तसं वागत नाही. ते वाढतं, शिखर गाठतं आणि पुढे गर्दी वाढली की खाली येतं. ते शिखर वैरणीच्या दाटीपेक्षा बरंच आधी असतं. म्हणून एकाच तुकड्यात वैरणही भरपूर आणि बीही भरपूर, असं होत नाही. दोन्हींसाठी जागा वेगळी ठेवावी लागते.

आता थोडा हिशेब. पुढचे आकडे फक्त समजावण्यासाठी धरले आहेत, तुमच्या शेतातले वेगळे येतील. समजा ३० × १० वर चौरस मीटरात ३३ झाडं, प्रत्येकाला ३ चांगल्या शेंगा, शेंगेत ८ दाणे आणि शंभर दाण्यांचं वजन ९ ग्रॅम. बी निघेल ७१ ग्रॅमच्या आसपास. ४५ × १५ वर झाडं १५, पण शेंगा ७, दाणे १० आणि शंभर दाणे १० ग्रॅम धरले तर १०५ ग्रॅम. ६० × ३० वर झाडं साडेपाच, शेंगा १४, दाणे ११, शंभर दाणे साडेदहा ग्रॅम. तरी ८९ ग्रॅम. एकेक झाड पाहिलं तर ६० × ३० चं सगळ्यात देखणं, शेंगांनी भरलेलं. पण आपल्याला जमिनीमागे किती मिळालं ते मोजायचं. पहिल्या दोन अंतरांवरच्या एकूण शेंगा मोजल्या तर ९९ आणि १०५, म्हणजे जवळपास सारख्याच. फरक पडला तो शेंगेतल्या दाण्यांत आणि दाण्याच्या भरण्यात. बियाण्यात हा फरक दुहेरी असतो, कारण भरलेला दाणा जोमानं उगवतो. चिमलेला दाणा वजनात मोजला गेला तरी पुढच्या वर्षी त्याचं रोप किरकोळच निघतं.

झाडं फार लांब ठेवली तर काय, हा भाग मला इथे जास्त महत्त्वाचा वाटतो. अंतराचे तक्ते बहुतेक घाटावरच्या कोरड्या हवेसाठी बेतलेले असतात. तिथे शेंग चार दिवस झाडावर राहिली तर राहिली. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत सकाळी पाला दवानं निथळत असतो आणि एप्रिल-मेमध्ये वळवाची सर कधी येईल त्याचा नेम नाही. मोकळ्या झाडाला फांद्या खूप फुटतात, प्रत्येक फांदी आपापल्या वेळेनं फुलते, आणि मग एकाच झाडावर वाळलेली शेंग, हिरवी शेंग आणि फूल तिन्ही दिसतात. वाळलेली थांबली तर भिजून डागते, हिरवी तोडली तर दाणा कच्चा. थोडी दाटी असली की झाड मुख्य खोडावर आणि पहिल्या दोन-तीन फांद्यांवरच भर देतं, शेंगा थोड्या दिवसांच्या फरकानं एकत्र पिकतात. म्हणून गोव्यात बियाण्याचं अंतर ठरवताना सगळ्यात जास्त शेंगा कुठे लागतात एवढंच बघून भागत नाही. सगळ्यात जास्त शेंगा एकाच वेळी आणि कोरड्या हवेत कुठे पिकतात ते बघायचं. तुमच्या प्रश्नाचं माझं मुख्य उत्तर हेच.

फार मोकळ्या शेतात आणखीही तोटे आहेत. उघड्या जमिनीतून ओल लवकर उडते आणि भातानंतरच्या पिकात ओल हीच पुंजी. तण माजतं, बेणणीची मजुरी वाढते. आणि मोर. विरळ ओळींत कोवळी रोपं त्यांना एकेक करून वेचता येतात.

मग माप काय? भातानंतर नोव्हेंबरात टोकलेल्या वैरणीच्या चवळीला बियाण्यासाठी ४५ × १५ सेंटिमीटर. झुडूपवजा, कमी पसरणारा वाण असेल तर यातच समाधान मानावं. लांब वेल टाकणारा वाण असेल तर ६० × १५. तुमची जमीन मळईची, शेणखतानं पोसलेली असेल तर मापाच्या मोकळ्या बाजूला राहा; मोरडीवरची लाल, हलकी जमीन असेल तर दाट बाजूला. सुपीक जमिनीत झाड मोठं होतं आणि त्याला जागा जास्त लागते, एवढाच त्यामागचा हिशेब.

पेरणीची वेळ आणि अंतर यांची सांगड घालणं फार गरजेचं आहे. चवळीचे बरेच वाण दिवस लहान झाला की लवकर फुलतात. जूनमध्ये पेरलेलं झाड आधी वेलावत जातं, अंगानं मोठं होतं आणि त्याला ६० सेंटिमीटरही अपुरे पडतात; शिवाय शेंगा पावसात सापडतात. म्हणून पावसाळ्यात चवळी वैरणीसाठीच घ्या. नोव्हेंबरात पेरलेलं झाड लहान दिवसात वाढतं, आटोपशीर राहतं. तेच तुम्ही डिसेंबरअखेरपर्यंत लांबवलंत तर झाड आणखी लहान राहील, आणि तेव्हा ३० × १५ वर आलं तरी चालेल. आपल्याकडे अळसांदे, म्हणजे खायची गावठी चवळी, याच हंगामात का घेतात हे पाहिलंत तर सगळं गणित त्यात आहे: भाताची उरलेली ओल, लहान दिवस, आणि फेब्रुवारीत कोरड्या उन्हात वाळणाऱ्या शेंगा. वैरणीच्या चवळीचं बी धरताना त्याच वेळापत्रकानं चला.

ओळींचं एक सुचवतो. सरळ ४५-४५ ऐवजी जोडओळ करा: दोन ओळींत ३० सेंटिमीटर, मग ६० ची मोकळी वाट, पुन्हा ३०. रोपांची संख्या तेवढीच राहते. पण बियाण्याच्या पिकात माणसाला निदान तीनदा-चारदा आत शिरावं लागतं. भेसळ काढायला, मावा बघायला, शेंगा तोडायला. वाट नसेल तर पाय वेलींवर पडतात आणि तोडणी घाईची होते. त्या वाटेतून वारा खेळतो, सकाळचं दव लवकर उडतं. तुमच्या खालच्या शेंगा कुजल्या त्यामागे दाटीतली हीच कोंडलेली ओल असावी, असं वर्णनावरून वाटतं. पाणी उशिरापर्यंत दिलं असेल तर तेही एक कारण.

पाण्याबद्दल म्हणून सांगतो, कालवा हाताशी असला की हात सैल सुटतो. फुलं येताना आणि दाणा भरताना हलकं पाणी द्या. पहिल्या शेंगा पिवळ्या पडू लागल्या की बंद. त्यानंतरचं पाणी झाडाला नवी पालवी आणि नवी फुलं काढायला लावतं आणि अंतर राखून साधलेला एकसारखेपणा वाया जातो. युरियाचंही तसंच. बियाण्याच्या तुकड्याला वरून युरिया देऊ नका. पेरताना स्फुरद आणि चांगलं कुजलेलं शेणखत पुरे. लाल मातीत आम्लता असते, ती माती तपासून घ्या आणि गरज असेल तर चुना पेरणीच्या बऱ्याच आधी मिसळा.

आणखी एक गोष्ट, आणि यानं तुमचा खर्च वाचेल. बियाण्यासाठी अर्धं शेत अडवायची गरजच नाही. हजार चौरस मीटर वैरणीला साधारण ४ किलो बी लागतं. नीट अंतरावर लावलेल्या बियाण्याच्या तुकड्यातून चौरस मीटरमागे ५० ग्रॅम धरलं, आणि हा अंदाज मुद्दाम हात राखून केलेला आहे, तरी १०० चौरस मीटरात ५ किलो मिळतं. म्हणजे एक गुंठाभर जागा. बाकी ९०० वर निर्धास्त ३० × १० नं वैरण घ्या. हा गुंठा शेताच्या उन्हाच्या बाजूला, नारळाच्या सावलीपासून दूर आणि कुंपणाला लागून निवडा. भाताची कापणी झाली की मोकळी गुरं सगळीकडे फिरतात.

या गुंठ्याला ४५ × १५ नं पंधराशेच्या आसपास जागा येतात. दोरीला दर १५ सेंटिमीटरवर गाठ मारून घ्या, प्रत्येक गाठीशी दोन दाणे टोका, पाऊण इंचापेक्षा फार खोल नको. सव्वातीनशे-साडेतीनशे ग्रॅम बी पुरतं. दहा-बारा दिवसांनी विरळणी करून एक रोप ठेवा. विरळणीची बहुतेकांना हळहळ वाटते, दोन्ही जोमदार रोपं राहू दिली जातात, आणि कागदावरचं ४५ × १५ शेतात ४५ × साडेसात होऊन बसतं. दुसरं रोप उपटू नका, नखानं जमिनीलगत खुडा, म्हणजे राहिलेल्याची मुळं हलत नाहीत. जिथे दोन्ही दाणे गेले तिथे लगेच नांग्या भरा. दोन आठवड्यांनी भरलेलं रोप शेजाऱ्यांच्या सावलीत मागेच राहतं आणि पिकतंही उशिरा.

बाजूला अळसांद्यांचं शेत असेल तर घाबरू नका. चवळीचं फूल पहाटे उमलतं आणि बहुतेक वेळा स्वतःच्याच परागानं फळतं. प्रमाणित बियाण्यासाठी दुसऱ्या वाणापासून ५ मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी १० मीटर अंतर सांगितलेलं आहे. घरच्या बियाण्याला ५ मीटर पुरे. खरी भेसळ खळ्यावर आणि पोत्यात होते. फुलोऱ्याच्या वेळी वेगळ्या रंगाचं फूल, वेगळ्या ठेवणीचं पान दिसलं तर ते झाड मुळासकट काढून गायीला घाला.

फुलापासून शेंग वाळेपर्यंत साधारण तीन आठवडे जातात. सगळं एकदम कापू नका, दोन-तीन तोडण्या करा. शेंग गवती रंगाची झाली, हातात धरून हलवली की दाणा खुळखुळला, की तोडा. सकाळी दव असताना नको, ऊन चढल्यावर. पहिल्या दोन तोडण्यांचं बी पुढच्या वर्षासाठी वेगळं ठेवा; शेवटच्या तोडणीचे दाणे लहान असतात, ते उसळीला किंवा आंबोणात जाऊ द्या. बियाण्यातली ओल ९ टक्क्यांच्या आत आली पाहिजे. दाताखाली दाणा दबला तर अजून ऊन हवं, कट्‌कन तुटला तर तयार. भुंगेऱ्याची अंडी शेतातच शेंगेवर घातलेली असू शकतात, म्हणून चांगलं वाळवून, घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात गोणपाटात ठेवलेलं बी आपल्या हवेत टिकत नाही.

आता मका. आफ्रिकन टॉल हा संमिश्र वाण, संकरित नव्हे, त्यामुळे त्याचं बी पुन्हा पेरता येतं. वैरणीला आपण हेक्टरी ७५ किलोच्या हिशेबानं, ३० सेंटिमीटरच्या ओळीत दाट पेरतो. बियाण्यासाठी हेक्टरी २० किलो पुरतं आणि अंतर ७५ × २०. मक्याला दाटीची शिक्षा वेगळ्या ठिकाणी बसते. तुरा वेळेवर येतो, पण कणसाचे केस बाहेर पडायला उशीर होतो. तुऱ्यातला पराग झडून गेल्यावर केस आले, तर कणसावर दाणे भरतच नाहीत. तुमच्या वैरणीच्या मक्यातलं एखादं कणीस सोलून पाहा. बुडाशी चार ओळी दाणे आणि शेंडा बोडका दिसेल. दाटीत कित्येक ताटांना कणीसच धरत नाही. शिवाय या वाणाची उंची माणसाच्या डोक्यावर बरीच जाते. दाटीत खोड बारीक राहतं, आणि वारा सुटला की आडवं पडतं.

तरीही एकट्यानं मक्याचं बी धरू नका असंच मी सांगेन. मका परपरागी आहे, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या परागानं फळतो. प्रमाणित बियाण्यालाही दुसऱ्या मक्यापासून २०० मीटर अंतर लागतं, आणि आपल्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतीत ते मिळणं कठीण. दुसरं, थोड्या झाडांवरून बी धरलं तर दोन-तीन पिढ्यांत वाण खुजा होत जातो. बी निदान काही शे झाडांमधून, प्रत्येकाचं एकेक चांगलं कणीस घेऊन एकत्र करावं लागतं. वाड्यावरचे चार-पाच पशुपालक एकत्र आले, एकाच्या शेतात लांब पट्ट्याऐवजी चौकोनी तुकड्यात मका लावला, आणि बाकीच्यांनी आपला मका तीन-चार आठवडे पुढे-मागे पेरला तर जमेल. पट्टा अरुंद असला की वाऱ्याबरोबर पराग शेताबाहेर जातो, म्हणून चौकोन. नोव्हेंबरात पेरून मार्चमध्ये कणसं घरात आली पाहिजेत. हे जमणार नसेल तर बियाणं विकत घ्या. झाशीच्या भारतीय गवताळ व चारा संशोधन संस्थेचं प्रादेशिक केंद्र धारवाडला आहे, आपल्याला जवळ तेच. तिथे किंवा जुने गोवे इथल्या कृषी विज्ञान केंद्रात आधी चौकशी करा.

गिनी गवताच्या बियांमागे लागू नका. अंतर कितीही बदललं तरी त्याची मूळ अडचण सुटत नाही. एकाच ठोंबातले तुरे आठवडेच्या आठवडे एकामागून एक येत राहतात, एकाच तुऱ्यात शेंड्याचं बी पिकून गळतं तेव्हा बुडाचं अजून हिरवं असतं. तुऱ्यावरून हात फिरवलात तर पिकलेलं तेवढं तळहातावर येतं, आणि त्यातही पोकळ फोलपटं भरपूर. ताजं बी पेरलं तर काही महिने नीट उगवतही नाही. तुम्हाला हवी तेवढी लागवड जुन्या ठोंबांपासून होते: पावसाच्या सुरुवातीला ठोंब फोडा, मुळं असलेले दोन-तीन फुटवे एका जागी, ६० × ६० वर. संकरित नेपियरला तर बी धरतच नाही. बाजरी आणि नेपियर यांच्या संकरातून आलेलं ते वांझ गवत आहे, कांडीनंच लावायचं.

काजूखाली किंवा मोकळ्या कातळाजवळच्या जमिनीवर स्टायलो हे शेंगवर्गातलं चारापीक लावायचा विचार केलात तर तिथे मात्र बी घरी सहज होतं आणि अंतराचा नियमही उलटतो. स्टायलोचं बी पिकलं की खाली पडतं. आंध्रातल्या अनंतपूर भागात शेतकरी ते झाडून गोळा करतात. तोडणीसाठी आत शिरायचं नसल्यामुळे वाटा ठेवायची गरज नाही, आणि गळणारं बी वायाही जात नाही. म्हणून ३० सेंटिमीटरची ओळ पुरते. फार दाट केलंत तर दमट हवेत करप्याचा त्रास वाढतो, तेवढं लक्षात ठेवा. गोळा केलेल्या बियांचं कवच कठीण असतं, पेरण्याआधी उकळीच्या खालच्या, ८० अंशांच्या गरम पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवावं लागतं.

शेवटी, येत्या नोव्हेंबरात माझं माप जसंच्या तसं घेण्यापेक्षा गुंठ्यातच तीन पट्टे करा: एक ३० × १५, एक ४५ × १५, एक ६० × १५. वाण, पेरणीचा दिवस, पाणी सगळं एक. प्रत्येक पट्ट्याच्या मधोमध, कडेच्या दोन ओळी सोडून, एक चौरस मीटर दोरीनं आखा. मेरेलगतची झाडं यात धरू नका, ती कुठल्याही अंतरावर चांगलीच दिसतात. त्या चौकोनातल्या शेंगा वेगळ्या तोडा आणि पहिल्या तोडणीत किती बी मिळालं ते वेगळं वजन करून वहीत लिहा. तीन पट्ट्यांचं एकूण वजन जवळपास सारखं आलं तर ज्याची पहिली तोडणी सगळ्यात जड, ते अंतर तुमच्या शेतासाठी घ्या.